आक्रसणीची पट्टी

नानांच्या पट्टीवरचा फूट
खऱ्या फुटापेक्षा एक सूत मोठा होता.
ओतलेलं लोखंड निवताना अंग चोरतं,
म्हणून साचा आधीच तेवढा वाढीव धरायचा.
घोडपदेवच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं
सीताकांत मेस्त, पॅटर्नमेकर,
लाकडाची दातेरी चाकं करत राहिले
जी कधी फिरायची नव्हती.
वाळूत ठसा उमटला की लाकडाचं काम संपे.
भट्टी विझली तेव्हा
माळ्यावर एक अख्खा कारखाना उरला, सागवानी, मुका.

त्याच बाकावर मी गिटार करायला बसले.
सपाट पोटाची नव्हे. फुगीर,
व्हायोलिनच्या जातीची, जॅझवाल्यांची.
हिच्या पाट्या वाकवत नाहीत, कोरतात.
पोटाला दारूखान्यात फोडलेल्या जहाजाची डोलकाठी,
स्प्रूसची. उभी चिरली, पुस्तकासारखी उघडली,
आतून मिठाचा वास आला.
पाठ वसईच्या फणसाची, हळदीसारखी पिवळी.
अंगठ्याएवढा रंधा.
मध्ये सहा मिलिमीटर, कडेला तीन.
"सुतात बोल," नाना म्हणाले.

पाटी दोन बोटांत टांगायची, पेराने ठोकायची.
आधी ती खोक्यासारखी बोलते.
मग कच्च्या मडक्यासारखी.
मग एखाद्या दुपारी
शेजारच्या खोलीतून कुणी आपलं नाव घ्यावं, तशी.
तिथे थांबायचं.
पहिल्या दोन वेळा मी थांबले नाही.
दुसऱ्या पाटीतून तर उजेड दिसला,
नखाएवढा, केशरी.
"भट्टीला घाल," नाना म्हणाले,
आणि मग दोघंही गप्प बसलो, कारण भट्टी कुठे होती.

जुलैत सरस धरेना.
कपाटात शंभरचा बल्ब पेटवून पाट्या ठेवल्या,
खालच्या फळीवर आईचे पोह्याचे पापड.
महिनाभर गिटारला हिंगाचा वास होता.

बोनिफास सिकेरा धोबीतलावच्या कुडीतून टॅक्सीने आला,
चादरीत गुंडाळलेली जुनी गिटार सोबत, तिची मान गेलेली.
"चाळीस वर्षं हॉटेलात, बाय.
लोक जेवत, मी वाजवी.
सूप गरम असलं तर कुणी ऐकत नसे."
माझी गिटार त्याने मांडीवर घेतली.
वाजवली नाही. डावा हात नुसता
पहिल्या पडद्यापासून बाराव्यापर्यंत चालवला,
अंधारात जिना चढावा तसा.
"पाव इंच लांब आहे ही."
मी म्हटलं, शक्य नाही.

पट्टी आणली. शिसवीवर ठेवली. पंचवीस, नेमके.
मग शाळेतली फूटपट्टी आणली.

प्रत्येक पडदा, घोडी, माथ्याची खाच,
सगळं मी आक्रसणीच्या पट्टीने मोजलं होतं,
जणू ही गिटार निवून लहान होणार होती.
पण सूर? सूर बरोबर होता.
सगळ्या चुका एकाच मापाच्या असल्या
की पडद्यांना त्या कळतच नाहीत.
कळतात फक्त ज्याची बोटं
चाळीस वर्षं तोच जिना चढलेली असतात त्याला.

"तोडून पुन्हा करते," मी म्हटलं.
"नको. म्हातारपणी थोडं लांब हात करायला हवेत,"
आणि त्याने एकच कॉर्ड छेडला,
खालच्या तारा कुजबुजत्या, वरची एक जराशी उशिरा.
माळ्यावरच्या चाकांत कुठेतरी काहीतरी थरथरलं,
उंदीरही असेल.

आवाज निवेपर्यंत नाना थांबले.
मग चष्मा कपाळावर सरकवून
मला, त्याला नव्हे, विचारलं,
"किती आक्रसला?"
मला सांगता आलं नाही.

पैसे तीन हप्त्यांत ठरले. दोन आले.
तिसऱ्याच्या वेळी कुडीतल्या माणसाने सांगितलं,
सिकेरा गावी गेला, सामानासकट.
म्हणजे ती तिकडेच असेल, शेजारी समुद्र,
सांधे सुटले असतील किंवा नसतील.

पट्टीच्या टोकाला मी लाल रंग लावलाय,
चुकून हाती येऊ नये म्हणून.
नवीन मान कापायला घेतली आहे.
लाल टोक बाकावरच आहे.